व्हेरिकोज व्हेन्सचा उपचार झाला, आता स्टॉकिंग: माप घेण्यापासून बंद करण्यापर्यंत

सर्जिकल सामानाच्या दुकानात एक वाक्य फार ऐकायला मिळतं: "वडिलांचं व्हेरिकोजचं लेसर झालंय, मीडियम साइजचं स्टॉकिंग द्या." व्हेरिकोज म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरा, आणि स्टॉकिंग म्हणजे त्यांच्या उपचारानंतर घालायचा, ठरावीक दाब देणारा लांब मोजा. वडील घरी, पाय घरी, आणि माप मुलाच्या अंदाजाने. मी मापं घेण्याचंच काम करतो. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या हातात मोजपट्टी देऊन त्याला परत पाठवतो. थोडं तोंड वाकडं होतं, पण इलाज नसतो. चुकीच्या मापाचं स्टॉकिंग एक तर घोट्याला करकचतं, नाही तर दुपारपर्यंत घसरून गुडघ्याखाली त्याची वळकटी होते. वळकटी झालेलं स्टॉकिंग पायात असण्यापेक्षा नसलेलं बरं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

लेसर, आरएफए (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं), फोमचं इंजेक्शन किंवा जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेल्यांसाठी हा लेख आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तुमची डॉप्लर सोनोग्राफी त्यांनी पाहिली आहे, मी नाही.

स्टॉकिंगचं काम काय, आणि काय नाही

माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत जे रक्त उभं आहे, त्याचं ते वजन. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि दाब उतरून २०-३० पर्यंत येतो. झडपा निकामी झाल्या की हा दाब पुरता उतरत नाही. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते.

उपचारात ही खराब शीर आतून भाजतात, औषधाने बंद करतात किंवा काढून टाकतात. रक्त मग खोलवरच्या चांगल्या शिरांतून वर जातं. स्टॉकिंग बाहेरून दाब देतं, घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी. त्यामुळे सूज आणि ठणका कमी राहतो, काळंनिळं कमी पडतं. फोम दिला असेल तर शिरेच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या राहतात आणि मध्ये रक्त साचून गाठी होण्याचं प्रमाण घटतं.

हा उतरता दाब लोकांपर्यंत पोचवण्यात कॉनराड जॉब्स्ट या इंजिनिअरचा मोठा वाटा आहे. ते जन्माने जर्मन आणि राहायला अमेरिकेत. स्वतःच्याच पायाच्या शिरांनी ते बेजार होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायाला आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आलं, कारण पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. तसाच दाब कापडातून देता येईल का, या विचारातून १९५० च्या सुमारास त्यांचे मोजे तयार झाले.

आता स्टॉकिंग काय करत नाही तेही ऐका. लेसरने बंद केलेली शीर बंद राहणार की नाही, हे मुख्यतः उपचार कसा झाला यावर ठरतं. एक दिवस घालायचं राहिलं म्हणून "सगळं वाया गेलं" असं घाबरून फोन करणारे असतात. तसं काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट घाला आणि पुढे चला.

किती दिवस: आधी तारीख लिहून घ्या

यावर डॉक्टरांत एकवाक्यता नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत असं म्हटलं की उपचारानंतर पट्टी किंवा स्टॉकिंग द्यायचंच असेल, तर सात दिवसांहून जास्त देऊ नये. आपल्याकडे कुणी एक आठवडा सांगतं, कुणी दोन, कुणी सहा. फरक पडतो तो मुख्यतः उपचाराच्या प्रकाराने.

नुसतं लेसर किंवा आरएफए झालं असेल तर साधारण एक ते दोन आठवडे. सोबत बारीक छेद देऊन फुगलेल्या शिरा काढल्या असतील, तर पहिल्या आठवड्यात स्टॉकिंगचा फायदा चांगला जाणवतो, कारण ठणका त्या छेदांच्या जागीच जास्त असतो. फोमनंतर एक ते तीन आठवडे सांगितले जातात. शीर ग्लूने चिकटवली असेल तर पुष्कळदा स्टॉकिंग लागतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलं नाही म्हणून स्वतःहून विकत घेऊ नका.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पहिले किती तास अजिबात काढायचं नाही? त्यानंतर रात्री घालायचं का? कोणत्या तारखेला बंद करायचं? "काही दिवस घाला" हे उत्तर घेऊन घरी आलेला माणूस एक तर चौथ्या दिवशी वैतागून सोडतो, नाही तर भीतीपोटी वर्षभर घालत बसतो.

कोणाच्या पायात ते जाता कामा नये

शिरांचा आजार वेगळा आणि धमन्यांचा वेगळा. धमन्या आकसल्यामुळे पायाला मुळात रक्तच कमी पोचत असेल, तर बाहेरून आणखी आवळणं धोक्याचं. तंबाखू-विडीची जुनी सवय, थोडं चाललं की पोटरीत गोळा येऊन थांबावं लागणं, पावलं गार पडणं, बोटावर न भरणारी जखम, यातलं काही असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर घट्ट स्टॉकिंग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको, आणि ०.५ च्या खाली तर नाहीच.

मधुमेहाने पावलं बधिर झालेल्यांचं प्रकरण नाजूक. स्टॉकिंग रुतलं तरी त्यांना कळत नाही. शिवाय धमन्या कडक झाल्या असतील तर वरचं गुणोत्तर खोटंच चांगलं दिसतं. हृदय कमजोर होऊन दोन्ही पायांना सूज असणारे, पायावर पू झालेली किंवा वाहती जखम असणारे, आणि पायाच्या धमनीचं बायपास झालेले यांनीही आधी विचारायचंच. रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स नसलेलं मागा.

खोक्यावरचा आकडा वाचा, क्लास नंतर

चिठ्ठीवर "क्लास टू स्टॉकिंग" एवढंच लिहिलेलं असतं आणि इथेच घोळ होतो. जर्मन मानकात क्लास २ म्हणजे २३ ते ३२ एमएमएचजी (मिलिमीटर पारा). ब्रिटिश मानकात क्लास २ म्हणजे १८ ते २४. अमेरिकी पद्धतीच्या खोक्यांवर क्लासपेक्षा थेट १५-२०, २०-३०, ३०-४० असे आकडे दिसतात. म्हणजे एकाच चिठ्ठीवर दोन दुकानांत दोन वेगळ्या दाबाच्या वस्तू मिळू शकतात. डॉक्टरांकडून एमएमएचजीचा आकडाच लिहून घ्या. उपचारानंतर बहुतेक वेळा २०-३० किंवा त्याच्या आसपासचा दाब सांगितलेला असतो.

पांढरी, पातळ, बोटांपाशी खालून भोक असलेली स्टॉकिंग्ज हॉस्पिटलमध्ये झोपून असलेल्या रुग्णांना घालतात. त्यांचा दाब घोट्याशी १८ च्या आसपास असतो आणि ती आडव्या माणसासाठी बेतलेली असतात. सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळची ती जोडी कपाटात पडली आहे म्हणून वापरू नका. आणि ऑनलाइन "दुखणाऱ्या पायांसाठी टाइट सॉक्स" म्हणून जे मिळतं, त्यावर दाबाचा आकडाच नसेल तर तो नुसता घट्ट मोजा आहे.

गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत, हे कोणती शीर बंद केली यावर ठरतं. जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूने जाणारी मोठी शीर असेल तर सहसा मांडीपर्यंतचं सांगतात, पोटरीमागची छोटी असेल तर गुडघ्यापर्यंतचं पुरतं. ज्येष्ठ, जाड मांडीच्या किंवा स्वतःच्या हाताने न घालता येणाऱ्या माणसाला मांडीपर्यंतचं दिलं असेल तर मी आधी डॉक्टरांना फोन करून "गुडघ्यापर्यंतचं चालेल का" असं विचारायला सांगतो. नीट घातलेलं आखूड स्टॉकिंग घसरत्या लांब स्टॉकिंगपेक्षा कधीही सरस. बोटं उघडी असलेलं घ्यावं, असं माझं मत. आपल्या हवेला ते बरं, आणि बोटांचा रंग दिसत राहतो.

माप: सकाळी, उपचाराच्या आधी

माप उपचाराच्या आधी घेऊन ठेवलेलं उत्तम. उपचारानंतर पायावर पट्टी असते, सूज असते, आणि सुजलेल्या पायावर घेतलेलं माप आठवड्याने सैल पडतं. सकाळी उठल्या उठल्या, पाय उतरलेला असताना, शिंप्याची कापडी पट्टी घ्या. माणूस उभा, वजन दोन्ही पायांवर, पट्टी कातडीला टेकलेली पण रुतणार नाही अशी.

पहिलं माप घोट्याचं. घोट्याच्या हाडावर नाही, तर त्याच्या किंचित वर, जिथे पाय सगळ्यात बारीक असतो तिथे. हे माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण खरा दाब इथे द्यायचा असतो. दुसरं पोटरीचं, सगळ्यात जाड जागी. तिसरं, मांडीपर्यंतचं घेणार असाल तर मांडीचं, जांघेच्या घडीपासून सुमारे पाच सेंटिमीटर खाली. मग लांबी: जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत, आणि मांडीपर्यंतचं असेल तर जमिनीपासून जांघेपर्यंत. दोन्ही पायांचं माप वेगळं लिहा. व्हेरिकोज एका पायात असलेल्यांचे पाय सारखे क्वचितच असतात.

खोक्यामागच्या तक्त्यात ही मापं पाहायची. घोटा एका साइजमध्ये आणि पोटरी पुढच्या साइजमध्ये बसत असेल तर अंदाजाने मधलं घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचा तक्ता पाहा, किंवा मापाप्रमाणे बनवून घ्या. काही कंपन्या एका साइजमध्ये आखूड आणि लांब असे दोन प्रकार देतात. आपल्याकडच्या कमी उंचीच्या बायकांना आखूड प्रकार लागतो, पण तो दुकानात नसला की लांबच गळ्यात मारला जातो आणि वरचं कापड दुमडून घेतलं जातं. दुमडलं की त्या जागी दाब दुप्पट होतो. असलं स्टॉकिंग परत करा.

घालणं

इथे घाई करायची नाही. पहिल्या वेळी वेळ लागतो, घाम येतो, चिडचिड होते. चार-पाच दिवसांत हात बसतो.

आदल्या रात्रीची तयारी महत्त्वाची. पायाची नखं कापा, कडा घासून घ्या. टाचेला भेगा असतील तर रात्री मलम लावून ठेवा, कारण भेगेची खरखरीत कड कापडाचे धागे ओढते. सकाळी मात्र पायाला तेल, क्रीम काही नको. त्याने स्टॉकिंग घसरतं आणि कापडही लवकर ढिलं पडतं. जोडवी आणि पैंजण काढायचेच. जोडवी काढायला मन धजत नाही अशा बायका भेटतात. मी त्यांना सांगतो, बोटात ठेवलीत तर कापडही फाटेल आणि बोटही चिमटेल. उपचाराचे दिवस संपले की परत घाला. घालून देणाऱ्याने हातातल्या अंगठ्या, बांगड्यासुद्धा काढाव्यात.

सकाळी शक्यतो पलंगावरून उतरण्याआधी घाला. आंघोळ उरकून घालायचं असेल तर आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवून झोपा. पाय पूर्ण कोरडा हवा. दमट हवेत कोरडं होत नसेल तर थोडी टाल्कम पावडर लावा, पण टाके किंवा सुईच्या जागा सोडून.

भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात चढवा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. रबराने कापड धरून ठेवता येतं, नखांनी ओढावं लागत नाही.

आता हात स्टॉकिंगच्या आत टाचेपर्यंत घाला. टाचेचा खळगा विणकामात वेगळा दिसतो, तो आतून चिमटीत पकडा आणि स्टॉकिंग उलटं करून घ्या. वरचा सगळा भाग उलटा, पावलाचा भाग आत सुलटा राहिला पाहिजे. टाचेपाशी तयार झालेल्या तोंडातून बोटं आत सरकवा आणि पाऊल टाचेपर्यंत जाऊ द्या. इथे थांबा. टाच खळग्यात बरोबर बसली आहे का, ते बघा. टाच दोन बोटं जरी पुढे-मागे झाली, तरी वरचा सगळा दाब चुकीच्या जागी जातो आणि घोट्यासमोर आडवी घडी पडते. सकाळी ती घडी क्षुल्लक वाटते. संध्याकाळी काढल्यावर त्याच जागी लालभडक रेघ उमटलेली असते, आणि म्हाताऱ्या, पातळ कातडीवर तिचा फोड व्हायला वेळ लागत नाही.

टाच बसली की उलटा भाग घोट्यावरून वर पलटा. यापुढे वरची कड धरून ओढायचं नाही. तसं केलं की वर कापड गोळा होतं आणि खाली ताणलं जातं. तळहात कापडावर सपाट ठेवून थोडं थोडं वर सरकवत जा, पोटरीवरून गुडघ्याखाली. गुडघ्यापर्यंतचं स्टॉकिंग गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली संपलं पाहिजे, घडीत शिरता कामा नये. मांडीपर्यंतचं असेल तर गुडघा थोडा वाकवून त्यावरून न्या, मग उभं राहून वर चढवा. शेवटी तळहाताने सगळीकडून सपाट फिरवा. कुठेही सुरकुती नको, आणि बोटांपाशी कापड फार ताणलेलं नको.

बोटं उघडी असलेलं स्टॉकिंग सरकत नसेल तर खोक्यात कधी कधी गुळगुळीत कापडाची छोटी पिशवी येते. ती आधी पावलात घालायची, त्यावरून स्टॉकिंग चढवायचं आणि मग उघड्या टोकातून ती ओढून काढायची. ती हरवली असेल, आणि प्लास्टिकबंदीनंतर घरात पातळ पिशवीही उरली नसेल, तर ब्रेडच्या पाकिटाची पिशवी तेच काम चोख करते.

वाकता न येणाऱ्यांना कुणी तरी घालून द्यावं लागतं. रुग्ण पाठ टेकून खुर्चीत, घालणारा समोर बुटक्या स्टुलावर, आणि रुग्णाची टाच घालणाऱ्याच्या मांडीवर. उभ्याने वाकून घालू पाहणाऱ्या सुनांची कंबर धरते आणि स्टॉकिंगही तिरकं बसतं. एकटं राहणाऱ्यांसाठी धातूची एक चौकट मिळते. तिच्यावर स्टॉकिंग ताणून ठेवायचं आणि पाऊल आत ढकलायचं. थोडी महाग पडते, पण ज्याला दीर्घकाळ घालायचं आहे त्याचे पैसे वसूल होतात.

घालून झालं की दहा मिनिटांनी बोटं तपासा. नख दाबून सोडा, गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, किंवा चालूनही दुखणं वाढतच गेलं, तर काढा. "थोडं सहन करा, सवय होईल" हे इथे लागू नाही.

काढणं

वरची कड दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली पलटत आणा, टाचेपाशी अंगठा आत घालून टाच मोकळी करा आणि पावलातून ओढून घ्या. खाली गुंडाळत आणू नका. त्याची जाड दोरी होते आणि ती पोटरीवर अडकून बसते. काढल्यावर पाय नीट पाहा: टाच, घोट्याची दोन्ही हाडं, नडगी, पावलाचा वरचा भाग. विणकामाची हलकी नक्षी उमटलेली चालते, अर्ध्या-एक तासात जाते. न जाणारा लाल डाग, फोड किंवा खरचटणं असेल तर दुसऱ्या दिवशी तसंच चढवू नका. मधुमेहींनी हे रोज करायचं, आणि स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कुणाकडून करून घ्यायचं.

पहिले काही दिवस

बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवशी स्टॉकिंगवरून किंवा त्याऐवजी क्रेप बँडेज बांधून पाठवतात. पट्टीवर गुलाबी पाण्यासारखा ओला डाग दिसला तर बिचकू नका. लेसरच्या वेळी शिरेभोवती भूल मिसळलेलं सलाईन भरतात, तेच सुईच्या भोकांतून पाझरतं. मात्र लालभडक रक्त थांबत नसेल तर झोपा, पाय उंच करा, त्या जागी कापड दाबून धरा आणि दवाखान्यात फोन करा.

साधारण पहिले २४ ते ४८ तास स्टॉकिंग दिवसरात्र ठेवायला सांगतात, पुढे बहुतेकांना फक्त दिवसा. रात्री आडवं झाल्यावर दाब तसाही उतरलेला असतो. आंघोळ पट्टी उतरल्यावर, कोमट पाण्याने. कढत पाणी नको.

आणि मालिश नको. दिवाळीचं अभ्यंगस्नान असो, घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशी असोत, उपचार झालेल्या पायाला डॉक्टर हो म्हणेपर्यंत रगडायचं नाही, शेकायचंही नाही.

चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. दर तासा-दीड तासाने घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं. स्टॉकिंग घालून दिवसभर पलंगावर पडून राहणारा माणूस अर्धाच उपचार घेतो, कारण पोटरीचा पंप चालतच नाही. उलट, एका जागी उभं राहणं टाळा. स्वयंपाक, इस्त्री, वर्गात शिकवणं, दुकानाचा गल्ला, या सगळ्यांत पायावर उभं राहण्याचे तास मोजून पाहिले तर आपणच चकित होऊ. उभं राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करत राहा. आषाढीच्या तोंडावर उपचार करून घेतलेल्यांना मी एवढंच सांगतो की चालण्यापेक्षा दर्शनबारीत तासन् तास ताटकळणं पायाला जास्त जड जातं.

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, या गोष्टी कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाहीत. गुडघा पूर्ण दुमडला की मांडीपर्यंतच्या स्टॉकिंगची गुडघ्यामागे जाड घडी होते. ती तिथल्या शिरेवर दाबते आणि उठल्यावर सरळ होत नाही. तेवढे दिवस खुर्चीवर बसा, कमोड वापरा. नसेल तर मेडिकलमधून कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. आणि गुडघा दुमडावा लागलाच, तर उठल्यावर तळहाताने ती घडी काढा.

उकाडा, साडी आणि खाज

विदर्भातला मे महिना आणि मुंबईचा ऑक्टोबर, दोन्हींत स्टॉकिंग ही शिक्षाच आहे. डॉक्टरांना घाई नसेल आणि जखम वगैरे नसेल, तर उपचार थंडीत ठरवावा. ते जमलं नाही तर पातळ विणीचं, बोटं उघडी असलेलं घ्या. बाहेर पडलात तर स्प्रेच्या बाटलीतून स्टॉकिंगवरूनच थोडं साधं पाणी मारा. ते सुकताना पाय गार होतो.

मांडीपर्यंतच्या स्टॉकिंगला वर सिलिकॉनचे ठिपके असलेली पट्टी असते. कातडीवर तेल, पावडर किंवा घाम असेल तर ती धरत नाही. तिथली कातडी रोज ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा आणि पट्टीही पुसा. पुरळ उठलं तर पट्टी मांडीवर रोज थोडी वर-खाली बसवा. तरी थांबलं नाही तर कंबरेला बांधायचा पट्टा असलेला प्रकार मागा. घसरू नये म्हणून वरून रबरबँड किंवा नाडी बांधणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. वर आवळलं की रक्त वर जाण्याऐवजी खालीच अडतं. साडी नेसणाऱ्यांची अडचण वेगळी: परकराची नाडी सोडून मांडीपर्यंत हात घालून दिवसातून चारदा स्टॉकिंग वर ओढणं शक्य नसतं. त्यांना तेवढे दिवस सैल सलवार किंवा गाऊन बरा पडतो.

धुणं

रोज किंवा एक दिवसाआड धुवा. धुण्याने फक्त घाम जात नाही, दिवसभर ताणलेले धागे पुन्हा आवळतात. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून. ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं द्रावण नाही, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या आणि सावलीत आडवं पसरा. ओलं स्टॉकिंग गच्चीवर उन्हात टाकलं किंवा फ्रिजमागच्या जाळीवर वाळवलं की त्याचा जीव गेलाच. दोन जोड्या असल्या तर एक वाळत असताना दुसरी घालता येते. रोजच्या वापरात तीन ते सहा महिन्यांत दाब उतरतो. सहज, विनासायास चढायला लागलं की समजा ते थकलं. दोन आठवड्यांपुरतं घेतलं असेल तर हा प्रश्नच नाही.

काय चालतं, काय धोक्याचं

काळंनिळं, शिरेच्या वाटेवर थोडी दुखरी दोरीसारखी गाठ, आणि आठवड्याभराने मांडीच्या आतल्या बाजूला ताण पडल्यासारखं वाटणं, हे नेहमीचं आहे. बंद झालेली शीर आकसते आहे. फोमनंतर तपकिरी डाग काही महिने राहू शकतात.

पोटरी एकदम सुजून टणक झाली, दाबल्यावर आणि चालताना जोरात दुखते, पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी डॉप्लर. स्टॉकिंग आणखी घट्ट करून वाट पाहू नका. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर थेट १०८ ला फोन. ताप आणि जखमेतून पू आला तरी थांबायचं नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या असतील, तर "पाय बरा वाटतोय" म्हणून त्या मध्येच सोडू नका.

मुलांकडे अमेरिकेला जायचं तिकीट काढलेले आईवडील उपचारानंतर लगेच विमानात बसायला निघतात. लांबचा प्रवास, मग तो विमानाचा असो की रात्रभराचा एसटीचा, डॉक्टरांना तारखेसकट आधीच सांगा. उपचार पुढे-मागे करता येतो.

बंद करणं

तारीख आली, तपासणीत डॉप्लर ठीक आलं, की स्टॉकिंग काढून ठेवा. काही जणांना पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी पाय जड वाटतो. तेवढे दिवस फक्त दुपारनंतर घातलं तरी चालतं, नंतर सोडा. ज्यांच्या घोट्याजवळ पूर्वी जखम झाली होती, ज्यांच्या खोल शिरांतही दोष आहे किंवा पूर्वी गुठळी होऊन गेली आहे, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांना महिनोन् महिने, कधी कायमचंही घालावं लागतं, आणि त्यांनी ही तारीख स्वतःच्या मनाने ठरवायची नाही.

वापरलेली जोडी शेजारच्या काकूंना देऊ नका. त्यांच्या पायाचं माप वेगळं, त्यांच्या धमन्या कशा आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. आणि त्यांनाही शिरांचा त्रास असेल, तर नुसतं स्टॉकिंग चढवून ती शीर बरी होत नाही. त्यांना आधी डॉप्लरला पाठवा.